ड्युटीवर परतताय? या चुका टाळा

भोसरीत प्रेसवर हात सापडलेला माणूस असो की चाकणला कंबर धरलेला, प्लॅस्टर किंवा पट्टा निघाला की पहिला प्रश्न एकच: "ड्युटीवर कधी जाऊ?" बहुतेक जण उत्तरही स्वतःच देतात, "दुखायचं थांबलं की." इथंच फसगत होते. दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. काही आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिलेल्या हाताचे स्नायू बारीक झालेले असतात, बोटांचे सांधे आखडलेले असतात.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फिजिओथेरपिस्टला दुखणं सांगायचं आणि काम सांगायचंच नाही. "कंपनीत आहे" एवढ्यावर व्यायाम कसे ठरणार? जॉब (म्हणजे हाताळायचा नग) किती किलोचा, तो जमिनीवरून उचलायचा की टेबलावरून, तासाला किती नग, उभ्यानं की बसून, पाना फिरवायचा की नुसतं बटण दाबायचं, हे कागदावर लिहून न्या. (व्हिडिओ काढून आणा म्हटलं असतं, पण बऱ्याच कंपन्या गेटवरच मोबाइल ठेवून घेतात.) मग रबरी चेंडू दाबण्यापासून खरा पाना फिरवण्यापर्यंत, रिकाम्या क्रेटपासून भरलेल्या क्रेटपर्यंत सराव वाढवता येतो.

रस्ताही मोजा. नाशिक फाट्यावरून चाकणला मोटरसायकलवर जाणाऱ्याचा डावा हात मोशीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबूनच दमतो, शिफ्ट तर पुढे असते.

कंबर लचकली म्हणून महिनाभर पलंगावर पडून राहू नका. साध्या लचकेत लवकर चालायला लागलेलं बरं. मात्र पायातली ताकद जात असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम राहू द्या आणि तातडीनं रुग्णालय गाठा.

व्यायामानंतर दुखलं की लोक सरळ बंद करतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत होत असेल तर चालू ठेवा. सूज वाढली किंवा रात्री झोप मोडली तर वजन नाहीतर आवर्तनं कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा.

ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असाल तर कामावरच्या दुखापतीनं आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रोख लाभ मिळतो. पण तो चालू असताना "हजेरीपुरतं" कामावर गेलात, तर त्या दिवसाचा लाभ जातो. वर अर्धवट बरा झालेला हात पुन्हा दुखावण्याची भीती आहेच.

शेवटी फिटनेसचा दाखला. त्यावर नुसतं 'लाइट ड्युटी' लिहून घेऊ नका. लाइट म्हणून पॅकिंगला बसवतात आणि तिथं मनगट दिवसभर तीच तीच वळणं घेतं. किती किलोपर्यंत, किती तास, कोणती हालचाल टाळायची आणि पुन्हा तपासणी कधी, हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या. एक झेरॉक्स सुपरवायझरकडे द्या, मूळ कागद घरी ठेवा.