जुन्या गेमिंग पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकताय? आधी या चुका टाळा

भाच्याचा फोन आला. "मामा, गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी धाडकन बंद पडतो. कार्ड खराब निघालं वाटतं."

कार्ड होतं आरएक्स ६६००, मशीन २०१४ च्या काळातलं: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड आणि कॅबिनेटसोबत मिळालेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). त्याच्याकडे गेलो, गेम लावला आणि पीसी बंद पडल्या पडल्या मुख्य बटण बंद केलं, प्लग काढला आणि झाकण उघडलं. कार्डाला दोन मोलेक्सवरून (चार पिनांचे जुने वीज कनेक्टर) आठ पिन करणारा कन्व्हर्टर लावलेला होता. कनेक्टर चांगलाच तापला होता आणि एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. कार्ड मात्र ठणठणीत होतं.

आधी कार्ड घ्यायचं आणि मग कॅबिनेट उघडायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा, आणि तेही नीट. भाच्याच्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं, पण +१२ व्होल्टच्या रकान्यात होते फक्त १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि त्या आय५ चं रेटिंग ८४ वॅट, म्हणजे बेरीज २१६. गेममध्ये लोड वाढला की मशीन बसणारच.

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढचं सहा पिनेतून (७५ वॅट) किंवा आठ पिनेतून (१५० वॅट) येतं. एसएमपीएसला ही वायरच नसेल, तर तो या कामासाठी बनलेला नाही, असंच समजा. साटावरून (हार्ड डिस्कला वीज देणारा कनेक्टर) आठ पिन करणारे कन्व्हर्टर तर हातातही घेऊ नका, कारण साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट मिळतात. प्रोसेसरची चार अधिक चार पिनांची वायरही कार्डाला लावायची नाही, तिची जोडणी उलटी असते. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसरीला लावल्या, तर मशीन कायमचं जाऊ शकतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: यूपीएस. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यात मॉनिटरही आला. लाइट गेल्यावर गेमच्या ऐन मध्यावर यूपीएस किंचाळून बंद पडत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी पीसीचा एकूण लोड आणि यूपीएसची बॅटरी बघा.

कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर घाबरू नका. आधी मागची केबल बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, कार्डाच्या पोर्टात हवी. मग कार्ड काढून पुन्हा दाबून बसवा, स्लॉटच्या टोकाची कडी 'टक' वाजली पाहिजे. तरीही चित्र नाही आलं तर कार्ड काढा, प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर पीसी चालू करा आणि बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यातलं सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करून पाहा. जुने बोर्ड आणि नवी कार्डं यांचं घोडं बरेचदा इथंच अडतं. मात्र विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर असेल, तर सीएसएम बंद केल्यावर ती सुरूच होणार नाही. त्यासाठी आधी बॅकअप घ्या, मग विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएवाला असेल, तर साधी केबल चालत नाही, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

सगळं चालू झालं, पण एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढलेच नाहीत? मग टास्क मॅनेजर उघडून गेम खेळा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि कार्ड ५० वर अडकलं असेल, तर आणखी महाग कार्डानेही काही होणार नाही. चार कोअरच्या जुन्या आय५ वर हे सर्रास दिसतं. एकच रॅमची पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका, ड्युअल चॅनेलने (दोन पट्ट्या जोडीने चालल्याने) बऱ्याच गेममध्ये फरक जाणवतो.

एच८१ बोर्डाचा ग्राफिक्स स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई २.० चा आहे, म्हणून त्याच्यासाठी आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका. त्या कार्डाला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि जुन्या स्लॉटवर ते फार मार खातं. इंटेलच्या आर्क कार्डांना नीट चालायला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तोही या बोर्डांवर मिळत नाही. एसएमपीएस बदलायचा नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल बघा. ते ७० वॅटचं असल्यामुळे बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. फक्त ८ जीबीचं ३०५० वेगळं, १३० वॅटचं. नाव एक, माल दोन. जीटी १०३० चंही तसंच: डीडीआर४ मेमरीवालं जीडीडीआर५ वाल्यापेक्षा खूपच हळू. सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवून बघा, नाव बदललेली बरीचशी बनावट कार्डं तिथं पकडली जातात.

भाच्याला चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस आणि ८ जीबीची दुसरी पट्टी घ्यायला लावली. कार्ड तेच आहे आणि पीसी आता तासन्‌तास चालतो. तो तपकिरी पडलेला कन्व्हर्टर मी कात्रीने मधोमध कापला, म्हणजे ड्रॉवरमधून काढून पुन्हा कुणी लावायला नको.