गडचिरोलीकडे नवीन आलात? आधी आशाताईला भेटा

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. १३ वर्षांपूर्वी मिस्टरांना इकडच्या जिल्हा परिषद शाळेची ऑर्डर मिळाली आणि दोन ट्रंका अन् लहान पोर घेऊन आलो ते इथलेच झालो. दर जूनला नवीन गुरुजी, ग्रामसेवक, वनरक्षक, बँकेतली मंडळी येतात आणि सगळ्यांच्या बायकांचा पहिला प्रश्न एकच, इथं दवाखाना कुठंय हो ताई? म्हणून एकदा नीट लिहितेय.

सामान लावायच्या आधी गावातल्या आशाताईचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत गावासाठी नेमलेल्या आशा कार्यकर्तीचं घर शोधा. आम्ही आलो तेव्हा ती रजिस्टर घेऊन दारात आली, "किती जण आहात जी घरी? लेकरू किती वर्षांचं?" मला वाटलं काहीतरी सर्वे असेल, दोन शब्दांत कटवलं तिला. चूक झाली. लसीकरणाचा निरोप, गोळ्या, तपासणी, सगळं त्या रजिस्टरवरून चालतं आणि भाड्याच्या घरात राहणारी बाहेरची माणसं तिथंच सुटतात. तिच्या वर उपकेंद्र, तिथं सिस्टर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतात, आणि त्याच्या वर पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी भागात नियमाने ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र अन् २०००० ला एक पीएचसी, त्यामुळे पीएचसी लांब पडू शकते, रस्ता आधीच बघून ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

आता ताप. हे कृपा करून मनावर घ्या. पहिल्याच पावसाळ्यात पोरीला थंडी वाजून ताप आला आणि आम्ही सरकारी दवाखाना नको म्हणून तिला ४० किलोमीटरवर एका खाजगी डॉक्टरकडे नेलं, तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली, ताप जाऊन परत यायचा, पण रक्त काही तपासलं नाही. चौथ्या दिवशी आशाताई स्वतःहून आली, पोरीच्या बोटाला टोचून एक थेंब पट्टीवर घेतला, काचेवर पण घेतला, आणि आम्ही ओट्यावर बसून त्या पट्टीकडे बघत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत दुसरी रेघ उमटली. मलेरिया! गोळ्या तिच्या पिशवीतच होत्या. त्यातल्या एका गोळीचा कोर्स १४ दिवसांचा होता, ताप दोन दिवसांत उतरला तरी ती रोज संध्याकाळी यायची आणि समोर गोळी गिळायला लावायची, कारण कोर्स अर्धवट सोडला तर या प्रकारचा मलेरिया लिव्हरमध्ये दबून राहतो आणि काही महिन्यांनी परत उठतो. तेव्हापासून आमच्या घरात ताप म्हणजे आधी रक्त तपासायचं, मग बाकीचं. औषधवाली मच्छरदाणी वाटप होते तेव्हा घ्या आणि वापरा, धान्य झाकायला नाही.

सापाचं पण तसंच. धान कापणीत शेजारच्या पोराला पायाला घोणस चावली, घरचे मांत्रिकाकडे निघाले होते, मिस्टरांनी हात धरून गाडीवर बसवलं आणि थेट पीएचसीत नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि टेबलावर न हलवता २० मिनिटं ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि १०८ ने पुढे पाठवलं. पोरगं आज ट्रॅक्टर चालवून राहिलं. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, बस निघायचं. आणि मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, दुखत पण नाही, म्हणून सकाळी कोणी पोट दुखतंय, पापण्या जड झाल्या म्हटलं तर वाट बघू नका. खाली जमिनीवर झोपूच नका.

घरात कोणी गरोदर असेल तर लगेच नाव नोंदवा. पावसात नाल्यांवरून पाणी गेलं की गावं तुटतात, म्हणून इकडे काही पीएचसीत माहेरघर आहे, बाईने तारखेच्या काही दिवस आधीच तिथं येऊन राहायचं. मी माझ्या जावेला पाठवलं होतं, ती म्हणायची करमत नाही, पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तेव्हा लेबर रूम भिंतीपलीकडे होती. न्यायला-आणायला १०२, बाकी इमर्जन्सीला १०८. मोबाईलला रेंज कुठं येते ती जागा घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

मुलांचं लसीचं कार्ड सोबत आणा, हरवलं असेल तरी जा. कुत्रं चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि सगळे डोस पूर्ण करायचे. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात तेव्हा नाही म्हणू नका. सिकलसेलची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट फुकट होते, लग्नाचं वय झालेल्या पोरापोरींची आधीच करून घ्या. तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर अन् तोंडाची तपासणी पण होते, घरात कोणी इथं येऊन खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) खायला लागलं असेल तर त्याला नक्की न्या.

आणि हो, सिस्टर कोणत्या वारी कोणत्या गावाला टूरवर असतात ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. उपकेंद्राला कुलूप दिसलं म्हणून परत फिरू नका, आशाताईला फोन लावा.