कन्फेशनला किती वेळा जावं?
कन्फेशन म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूपुढे दिलेली पापांची कबुली. तिचा नियम थोडका आहे: गंभीर पाप घडलं असेल, तर वर्षातून किमान एकदा. 1215च्या लॅटरन धर्मसभेपासून हे चालत आलंय. पण असं पाप मनावर असताना कम्युनियन (मिस्सा या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घेता येत नाही, म्हणून तेव्हा वर्षभर थांबू नका. एरवी महिन्याकाठी एकदा पुरे. नाताळ-ईस्टरच्या तोंडावर रांग लांब आणि धर्मगुरू घाईत; दोन आठवडे आधीच उरका.

आत गेल्यावर आधी मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगा. ‘खोटं बोललो’ एवढ्यावर भागत नाही. ‘तीनदा खोटा हिशेब दिला’, असा गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या हवी. (नवऱ्याची पापं नवऱ्यालाच सांगू द्या!) चुकून राहिलेलं पाप पुढच्या वेळी सांगा, गंभीर पाप मुद्दाम लपवलंत, तर सगळं कन्फेशनच फुकट.