नीतिमत्तेचा तास: रॉडवरच्या एका नटापासून सुरुवात

इंजिनीअरिंगच्या मुलांना व्यावसायिक नीतिमत्ता पहिल्यांदाच शिकवणार असाल, तर व्याख्या आठवडाभर बाजूला ठेवा. फळ्यावर दोन आकृत्या काढा. पहिलीत छतातून आलेला एकच सलग रॉड, त्यावर टांगलेले दोन पादचारी पूल: एक चौथ्या मजल्यावर, एक त्याच्या बरोबर खाली दुसऱ्यावर. दुसरीत रॉडचे दोन तुकडे. वरचा पूल छताला टांगलेला, खालचा वरच्या पुलाच्या बीमला. प्रत्येक पुलाचा भार ‘पी’ धरून विचारा, चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटावर किती भार येतो? पहिल्यात पी, दुसऱ्यात दोन पी. कोणी अडलं तर दोरीचं उदाहरण द्या: दोघे एकाच दोरीला धरून लोंबकळतात, की दुसरा पहिल्याच्या पायाला?

गणित सुटल्यावरच सांगा की हे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले पूल आहेत: पहिली आकृती मूळ रचनेची, दुसरी प्रत्यक्षात बांधलेली. १७ जुलै १९८१ ला ते कोसळले, ११४ माणसं गेली. आधी सांगितलंत तर सगळा वर्ग लगेच हळहळतो आणि नटाकडे कोणी बघत नाही. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनीअरचा मंजुरीचा शिक्का होता, पण त्या जोडाचं गणित कोणी तपासलं नव्हतं. मूळ जोडही शहराच्या बांधकाम नियमांत बसत नव्हता, हेही सांगा. नाहीतर मुलं सगळं खापर फॅब्रिकेटरवर, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीवर, फोडून मोकळी होतात.

मग पाच-पाच जणांचे गट करून भूमिका वाटा. इथे तास हमखास फसतो, कारण प्रत्येक जण प्रामाणिक होतो. प्रामाणिकपणाची काही किंमतच मोजावी लागत नाही. म्हणून किंमत ठेवा: उद्या रॉड कापायचे आहेत, साहेब प्रवासात आहेत, उशीर झाला तर दंड. आता वरिष्ठांना आठ ओळींचं पत्र लिहायला सांगा. ‘हे चुकीचं आहे’ एवढ्याला शून्य गुण. ‘चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटावर भार दुप्पट होतोय, सुधारित गणित तपासून मिळेपर्यंत कटिंग थांबवावं’ याला पूर्ण. काय दिसलं, आकडा किती, काय हवं, कधीपर्यंत: चारही गोष्टी त्यात आहेत. हे लिहिणं सरावानेच जमतं, आणि नोकरीत पहिल्याच वर्षी लागतं.

दुसऱ्या तासाला मुलांचीच प्रयोगांची जर्नल्स उघडा. काँक्रीटचे १५० मिमीचे तीन क्यूब, तिन्ही फुटले तो भार नेमका ५६५ किलोन्यूटन? खरे क्यूब असे जुळत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच सरासरीच्या अधिक-उणे १५ टक्के फरक गृहीत धरला आहे. मात्र मुलांना दोष देण्याआधी त्या पानाखालची सही पाहा. ती आपली असते. सबमिशनच्या दिवशी न वाचता साठ जर्नल्सवर सह्या करणारा शिक्षक शिक्क्याबद्दल काय बोलणार? मुलं हे तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांना ते बरोबर दिसतं. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करा: जुळवलेल्या रीडिंगला गुण नाहीत, फसलेल्या प्रयोगाला कारणासह पूर्ण गुण. आणि प्रत्येक सहीच्या आधी निदान एक रीडिंग पडताळून त्याशेजारी तारीख घाला.