मिररलेस आणि डीएसएलआर: आकाराची तुलना कशी करावी

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो. दुकानात मिररलेस कॅमेरा हातात घेतला की तो लहान वाटतोच. पण नुसती बॉडी गळ्यात अडकवून कोणी फिरत नाही. मोजायचं असतं ते भरलेल्या बॅगेचं ओझं, आणि तो हिशेब घरबसल्या होतो.

आधी बरोबरीची जोडी निवडा. दोन्हींचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) एकाच आकाराचा हवा, नाहीतर दिसणारा फरक सेन्सरचा असेल, आरशाचा नाही. निकॉनचे डी८५० (डीएसएलआर, २०१७) आणि झेड७ (मिररलेस, २०१८) घेऊ: दोन्ही फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचे, ४५.७ मेगापिक्सेलचे.

वजन ‘बॅटरी व कार्डासह’ दिलेलंच उतरवून घ्या. डी८५० १००५ ग्रॅम, झेड७ ६७५. वाचले ३३० ग्रॅम.

आता लेन्स लावा. इथे हिशेब फिरतो. ५० मिमी एफ/१.८ ची डीएसएलआरसाठीची जुनी ‘जी’ लेन्स १८५ ग्रॅमची आहे, झेडसाठीची तशीच ‘एस’ लेन्स ४१५ ची. जुनीत ७ भिंगं, नवीत १२. बेरीज ११९० आणि १०९०. फरक उरला जेमतेम १०० ग्रॅम! जुनीच लेन्स १३५ ग्रॅमच्या एफटीझेड अडॅप्टरने (जुनी लेन्स झेडवर बसवणारा जोड) झेड७ला लावली, तर सगळं मिळून ९९५ होतं.

लांबी मोजताना सुरुवात सेन्सरपासून करा. बॉडीवर रेघेने छेदलेलं छोटं वर्तुळ असतं, सेन्सर नेमका त्या रेषेत असतो. आरसा वर उचलला जायला जागा लागते, म्हणून डी८५०मध्ये तिथून माउंटपर्यंत (लेन्स जिथे बसते ती कडी) ४६.५ मिमी अंतर आहे. झेड७मध्ये फक्त १६. त्यात लेन्सची लांबी मिळवा, ५२.५ आणि ८६.५. एकूण ९९ आणि १०२.५. आरसा गेला, तरी लेन्सचं तोंड साडेतीन मिमी पुढेच राहिलं.

तुम्ही टेली झूम (दूरचं जवळ आणणारी लेन्स) वापरत असाल तर तोही याच पद्धतीने तपासा. कॅननची ७०-२०० एफ/२.८ डीएसएलआरच्या ईएफ मालिकेत (तिसरी आवृत्ती) १४८० ग्रॅम, १९९ मिमी. मिररलेसच्या आरएफ मालिकेत (पहिली आवृत्ती) १०७० ग्रॅम, १४६ मिमी. इथे बचत खरी आहे. मात्र ही आरएफ लेन्स झूम करताना बाहेर येते, ईएफ येत नाही. बॅगेसाठी मिटलेली लांबी धरा, हातात धरून वापरण्यासाठी झूम २०० मिमीला नेल्यावरची.

शेवटी जादा बॅटऱ्या काट्यावर ठेवा. कंपनीच्या आकड्यांनुसार एका चार्जमध्ये डी८५० १८४० फोटो काढतो, झेड७ ३३०. दिवसभराच्या लग्नाला झेड७ नेणार असाल, तर त्या बॅटऱ्यांचं वजन बेरजेत धरलंच पाहिजे.