या चुका टाळा: अंतराचं रूपांतर आणि हरवलेलं शून्य

खिडकीची उंची मोजली तेव्हा टेपवर २ मीटर ५ सेंटिमीटर भरली. घाईत चिठ्ठीवर लिहिलं, २.५ मीटर. पडदे शिवून आले आणि जवळजवळ दीड फूट कापड फरशीवर लोळायला लागलं. शिंप्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याने चिठ्ठीबरहुकूम अडीच मीटर शिवलं होतं. जास्तीच्या कापडाच्या दोन पिशव्या झाल्या. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत जिच्याभोवती मी लाल गोल काढत आलो, ती चूक आता माझ्याच घरात टांगली होती.

सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक हीच. मीटरचे सेंटिमीटर १००, म्हणून टिंबानंतर घरं दोन. ५ सेंटिमीटरला अंक एकच आहे, तेव्हा आधीचं रिकामं घर शून्याने भरायचं: २.०५ मीटर. किलोमीटरचे मीटर १०००, म्हणून तिथे घरं तीन. ३ किमी ४५ मी म्हणजे ३.०४५ किमी. ३.४५ लिहिलंत तर ते ३ किमी ४५० मी झालं, म्हणजे चारशे पाच मीटर फुकटात वाढले. पूर्वी हे समजावणं सोपं होतं. ‘पाच रुपये पाच पैसे कसे लिहाल?’ विचारलं की पोरं ५.०५ बरोबर लिहायची. आता पाच पैशांचं नाणं पाहिलेलं पोर वर्गात सापडत नाही, त्यामुळे घरं आखूनच द्यावी लागतात.

उलट दिशेने वाचतानाही हेच होतं. अर्धमॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किमी. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलेल्या धावपटूला विचारा, एकविसाच्या पुढे किती? पुष्कळजण ९७५ मीटर सांगतील. पण टिंबानंतरची पहिली तीन घरं मीटरची, म्हणजे ०९७, आणि चौथा अंक मीटरचा दशांश. उत्तर ९७.५ मीटर. फरक पडतो ८७७.५ मीटरचा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकला दोन फेऱ्या मारून वर थोडं. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किमी मात्र आपल्याला बिघडवतात. तिथे १९५ हा आकडा आपसूकच तीन अंकी असल्यामुळे कसंही वाचलं तरी बरोबर येतं आणि वाईट सवय लागते.

पावणे आणि सव्वाचाही घोळ आहेच. ‘पावणेतीन किलोमीटर’ ऐकलं की कानावर तीन पडतात आणि हात ३.२५ लिहितो. तीनाला पाव कमी, म्हणजे २.७५ किमी, २७५० मीटर. सव्वातीन असतं तर ३२५० झाले असते.

गुणायचं की भागायचं, यावर पाठांतराचे नियम फारसे टिकत नाहीत. मी एकच विचारतो: उत्तर डोळ्यांसमोर येतंय का? एका मुलाने घरापासून शाळा १२०० मीटर आहे हे पाहून १२०० ला १००० ने गुणलं आणि बारा लाख किलोमीटर लिहिलं. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. पोरगं रोज चंद्राच्या तिप्पट लांब शाळेला जात होतं, तेही पायी! मोठ्या एककात जाताना आकडा लहान व्हायला हवा, म्हणून भागायचं: १.२ किमी.

डेकामीटर आणि डेसिमीटर यांची अदलाबदल शिष्यवृत्तीच्या पेपरात हमखास होते. पहिला १० मीटरचा, दुसरा मीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे चूक थेट शंभरपटीची. रोजच्या व्यवहारात दोन्हींना कोणी विचारत नाही, ते सोडा.

नकाशावर चूक शून्यांच्या मोजणीत होते. प्रमाण १:५०,००० असेल तर नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर. शंभराने भागा, ५०० मीटर. इथे ‘५० किलोमीटर’ म्हणणारे लोक ५०,००० ला मीटर समजून बसलेले असतात. १ किलोमीटरचे सेंटिमीटर एक लाख, एवढं ध्यानात असलं तर उत्तर लगेच पडताळता येतं.

लांबीवरून क्षेत्रफळाकडे जाताना एकक दोनदा बदलतं. १ चौरस मीटरमध्ये १०० नाही, १०० × १०० म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. फरशांचा हिशेब इथेच कोलमडतो.

आणि सुतारकामाच्या नकाशात नुसतं ‘६००’ दिसलं तर तो आकडा बहुतेक वेळा मिलिमीटरचा असतो. स्वयंपाकघराच्या ओट्याची ती रुंदी, ६० सेंटिमीटर. प्लायवूड ‘१८ एमएम’ सांगतात ते १.८ सेंटिमीटर. शंका आली तर एकक सुताराकडून त्या कागदावरच लिहून घ्यावं, प्लाय कापायच्या आधी.