बटण कोण दाबणार? ग्लायडरसाठी बीकन निवडताना

बेळगावच्या खडेबाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकलो होतो, म्हणून भाचा परवा विचारायला आला, "मामा, ट्रॅकर कुठला घेऊ?" म्हटलं, आधी दोन प्रश्न वेगळे कर की. तुला मदत मागायचीय, का तू कुठं आहेस ते घरी दिसायला हवंय? दोन्ही कामं एकच डबी धड करत नाही.

मदत मागायला पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा बीकन, संकटात रेडिओवरून हाक देणारी डबी. अँटेना उलगडून बटण दाबलं की साधारण ५० सेकंदांनी एकदा ४०६ मेगाहर्ट्झवर हाक जाते. कॉस्पास-सारसॅट या शोध-बचावाच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह ती ऐकतात, आणि भारतात ती बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात पोचते. महिन्याचं भाडं नाही. जीपीएसवालाच घ्या, त्याने ठिकाण शंभरेक मीटरांत कळतं. जीपीएस नसेल तर हिशेब काही किलोमीटरांवर जातो, आणि कणकुंबीच्या रानात काही किलोमीटर म्हणजे काय, ते तिथं वाट चुकलेल्याला विचारा. स्वस्तात कुणी फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना बीकन गळ्यात मारत असेल तर हात जोडा. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती लहर ऐकतच नाहीत. आता तिचा उपयोग एवढाच, की जवळ आलेल्या शोधपथकाला नेमकी दिशा मिळते. नव्या बीकनमध्ये ती जोडीला असतेच.

घेताना आत कुठल्या देशाचा कोड भरलाय ते बघा. भारताचा ४१९. माझ्या एका मित्राने बाहेरून बीकन आणला, कोड तिकडचाच. वेळ आली असती तर हा माणूस कोण हे आधी परदेशात विचारत बसावं लागलं असतं. कोड बदलून घ्या, इथं नोंदणी करा, घरचे दोन फोन नंबर द्या. बिनतारी परवान्याचं काय ते पैसे मोजण्याआधी विचारा, नंतर नको.

ईएलटी हा दुसरा बीकन ग्लायडरलाच बसवतात आणि आदळलं की आपोआप सुरू होतो. बेशुद्ध माणसाला बटण दाबता येत नाही, तिथं याला तोड नाही. पण आदळण्यातच अँटेनाची केबल तुटते, हे दुखणं जुनंच. शिवाय कार्बन फायबरच्या सांगाड्याआड अँटेना ठेवली तर ती मुकीच. काचतंतूतून मात्र लहरी पार होतात. आणि पॅराशूटने उडी मारलीत तर ईएलटी ग्लायडरबरोबर एका दरीत, तुम्ही दुसऱ्या. एकाचेच पैसे असतील तर मी पीएलबी घेईन.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं परदेशी मासिकांत फार गोड दिसतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने एका परदेशी प्रवासिनीला ताब्यात घेतलं होतं. तेव्हा तो नाद सोडा.

फ्लार्मला ट्रॅकर समजू नका. तो जवळच्या दुसऱ्या ग्लायडरशी टक्कर टाळायला. दुसऱ्यांच्या फ्लार्ममधल्या नोंदींवरून हरवलेल्याचा माग लागू शकतो, पण तो पुढचा भाग.

राहिला मोबाइल. लाइव्ह ट्रॅकिंग लावून मी स्कूटरवरून चोर्ल्याच्या रस्त्याने गेलो. जांबोटी ओलांडली आणि नकाशावरचा ठिपका थांबला. घरी बायको त्याच ठिपक्याकडे बघत तासभर बसलेली! उंचावर रेंज मिळते, दरीत उतरलात की जाते, आणि गरज दरीतच असते. तरी लावाच. शेवटचा ठिपका शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो. मात्र ठिपका थांबला तर किती वेळ वाट बघायची, मग कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घरी ठेवा: ११२, क्लबचा नंबर, ग्लायडरची व्हीटीपासूनची नोंदणीची अक्षरं, बीकनचा १५ अक्षरी आकडा.

बीकन सीटमागच्या पिशवीत टाकू नका. पॅराशूटच्या पट्ट्यालाच बांधा. भाच्याला दुकानातच हार्नेस चढवून खुर्चीत बसवलं, म्हटलं, आता एकाच हाताने काढून अँटेना उलगड. उजव्या हाताने जमलं. डाव्याने बोटं पोचेनात. पट्टा चार बोटं वर सरकवला, परत बसवलं.